काटा खोटं बोलतो तेव्हा: ट्रकच्या टेंपरेचर मीटरची शंभर वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचं थोडं गाळलंय, थोडं नीट केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे ट्रकच्या डॅशबोर्डवरचा एक छोटासा काटा. एका टोकाला थंड, दुसऱ्या टोकाला लाल पट्टा, आणि मधे कुठेतरी तो काटा. जुना ट्रक चालवणाऱ्या कुणालाही विचारा, घाट चढताना तो जितका रस्त्याकडे बघतो तितकाच या काट्याकडे बघतो. कारण इंजिन तापलं आणि वेळेत कळलं नाही, तर आधी हेड गॅस्केट जातं, मग हेड वाकतं, आणि त्याहून पुढे गेलं तर पिस्टन अडकून इंजिन सीज होतं. गाडी महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहते, पण फायनान्सवाल्याचा हप्ता काही उभा राहत नाही.

मग साधा प्रश्न असा: काटा लालमध्ये गेला, तर इंजिन तापलंय की काटाच खोटं बोलतोय? आणि त्याहून अवघड प्रश्न: काटा शांत बसलाय, तर इंजिन खरंच ठीक आहे का?

याचं उत्तर शोधायला मी इतिहासात शिरलो. कारण जुन्या गाडीत नेमका कुठल्या पिढीचा मीटर आहे हे कळलं, तर तो कशा प्रकारे खोटं बोलेल हेही कळतं. प्रत्येक पिढीची खोटं बोलायची तऱ्हा वेगळी आहे. पण एक सवय मात्र सगळ्यांची सारखी आहे, आणि तीच आजची मुख्य गोष्ट.

काटाच नव्हता तेव्हा

इंजिनात जळणाऱ्या इंधनाचा ढोबळ हिशोब असा सांगतात: साधारण एक तृतीयांश ऊर्जा चाकापर्यंत जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर, आणि उरलेली पाण्यात. म्हणजे रेडिएटरमधल्या पाण्याला जवळपास चाकाइतकीच ऊर्जा झेलावी लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये ही झेलाझेल नीट होत नसे. फोर्डची मॉडेल टी घ्या. तिच्या बहुतेक गाड्यांना वॉटर पंपच नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढायचं, थंड पाणी जड होऊन खाली यायचं, एवढ्यावर सगळा कारभार. आणि इंजिन तापलंय हे कळायचं कसं? तर रेडिएटरच्या टोपीतून वाफ निघाली की! तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असे.

१९१२ च्या सुमाराला अमेरिकेत हॅरिसन बॉइस नावाच्या माणसाने यावर तोडगा काढला. त्याने रेडिएटरच्या टोपीवरच थर्मामीटर बसवला आणि नाव दिलं मोटोमीटर. पितळेची गोल चकती, मधे काचेची नळी, तिच्यात लाल द्रव. ड्रायव्हर आपल्या सीटवरून, बोनेटच्या पार पुढच्या टोकाला असलेली ती लाल रेघ बघायचा. रेघ वर चढली की गाडी बाजूला. हा प्रकार इतका चालला की गाडीच्या कंपन्या त्यावर स्वतःची चिन्हं घालू लागल्या आणि तो नाकावरचा दागिनाच झाला.

पण एक बारकावा बघा. मोटोमीटरचा खालचा बल्ब पाण्यात बुडलेला नसायचा. तो पाण्याच्या वर, वाफेच्या जागेत लोंबायचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून मीटर 'इंजिनचं तापमान' सांगत नव्हताच. त्याचं टोक ज्या जागी होतं, त्या जागेचं तापमान सांगत होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जत्रेतली पिपाणी आणि ईथर

नाकावरचा मीटर रात्री दिसायचा नाही, धुक्यात दिसायचा नाही. १९२० च्या दशकाच्या शेवटी तो डॅशबोर्डवर यायला लागला. आता इंजिन पुढे आणि मीटर केबिनमध्ये, तर निरोप आणायचा कसा?

त्यासाठी एक जुना शोध कामाला आला. युजीन बूर्दाँ या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये वाफेच्या इंजिनांसाठी दाब मोजायची नळी काढली होती. जत्रेत मिळणारी गुंडाळलेली पिपाणी आठवा, फुंकली की ती उलगडते. बूर्दाँची नळी तशीच, फक्त धातूची. आत दाब वाढला की वाकडी नळी थोडी सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो.

गाडीत काय केलं, तर इंजिनच्या पाण्यात एक छोटा धातूचा बल्ब बुडवला. त्यात ईथरसारखा पटकन वाफ होणारा द्रव. तिथून केसासारखी बारीक नळी थेट डॅशबोर्डपर्यंत. पाणी तापलं की बल्बमध्ये वाफ होते, दाब वाढतो, मीटरमधली पिपाणी उलगडते. बॅटरी नको, वायर नको. आपल्याकडच्या अनेक जुन्या ट्रॅक्टरवर असा नळीचा मीटर तुम्ही पाहिला असेल.

हा मीटर बिघडतो कसा? ती बारीक नळी कुठेतरी घासते, वाकते, चिरते. आतलं ईथर उडून जातं. दाब गेला की काटा पडतो थंड बाजूला, आणि तिथेच मरून राहतो. इंजिन कितीही तापू दे, काटा म्हणणार 'सगळं थंड आहे'. ही झाली ती सवय. बिघाड झाला की मीटर घाबरवत नाही, धीर देतो. आणि घाटात खोटा धीर फार महाग पडतो.

वायर आली

लांब नळी ओढणं कटकटीचं होतं, म्हणून पुढच्या पिढीत वायर आली. या मीटरमध्ये दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते आणि काटा ढकलते. पट्टीभोवती बारीक तारेचा वेढा असतो. त्यातून जितका करंट, तितकी पट्टी गरम. म्हणून हे काटे चावी फिरवल्यावर हळूहळू, आळस देत वर येतात.

पण बॅटरीचा व्होल्टेज कुठे स्थिर असतो? इंजिन बंद असताना १२ च्या आसपास, चार्जिंग चालू झालं की १४ च्या पुढे. मग काटाही उगाच वरखाली होणार. म्हणून डॅशबोर्डमागे एक छोटी डबी बसवली, व्होल्टेज स्टॅबिलायझर. ब्रिटिश स्मिथ्स कंपनीच्या मीटरना ती साधारण १० व्होल्ट द्यायची, अमेरिकन फोर्डमध्ये सरासरी ५ च्या आसपास. डिझेलचा काटा आणि टेंपरेचरचा काटा, दोघांना एकाच डबीतून पाणी! त्यामुळे त्या पिढीची एक पक्की खूण आहे. दोन्ही काटे एकदमच जास्त किंवा एकदमच कमी दाखवायला लागले, तर सेन्सरच्या मागे लागू नका. आधी ती डबी आणि तिचा अर्थ तपासा. टाकीतलं डिझेल आणि इंजिनचं पाणी यांचा एकमेकांशी काय संबंध? दोघं एकाच दिवशी कसे बिघडतील?

आपल्याकडे ट्रकचं युग साधारण याच काळात सुरू झालं. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझबरोबर करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. हा करार १९६९ पर्यंत चालला. १९८६ मध्ये टाटा ४०७ आला, आणि आजही महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी उभं राहिलं तर पाच मिनिटांत एखादा ४०७ दिसतोच. असे तीस-तीस वर्षं जुने ट्रक आजही धावतायत. वायरिंग मात्र दहा हातांनी जोडलेलं. म्हणून मीटरचा इतिहास आपल्यासाठी जुना झालेलाच नाही.

फॅरेडेपासून तुमच्या फोनपर्यंत

वायरच्या एका टोकाला मीटर, दुसऱ्या टोकाला इंजिनच्या पाण्यात बुडलेला सेन्सर. गॅरेजमध्ये त्याला सेंडर म्हणा, बल्ब म्हणा, एकच. त्याच्या आत काय असतं?

१८३३ मध्ये मायकेल फॅरेडेला एक विचित्र गोष्ट दिसली. साधी धातूची तार तापवली की तिच्यातून वीज जायला अडथळा वाढतो. पण सिल्व्हर सल्फाइड नावाचा पदार्थ तापवला, तर अडथळा उलट कमी झाला! पुढे जवळपास शंभर वर्षांनी, १९३० मध्ये, सॅम्युअल रूबेन या अमेरिकन संशोधकाने या गुणाचा वापर करून थर्मिस्टर बनवला. तापमान वाढलं की अडथळा कमी होणारा तुकडा. तुमच्या हातातल्या फोनच्या बॅटरीजवळ असाच एक तुकडा बसवलेला असतो. उन्हात फोन 'खूप गरम झालाय' म्हणतो तेव्हा बातमी तोच देतो.

आता ट्रकमध्ये हे जोडून बघा. पाणी थंड, अडथळा जास्त, करंट कमी, काटा खाली. पाणी गरम, अडथळा कमी, करंट जास्त, काटा वर. मग वायर तुटली तर? अडथळा अमर्याद, करंट शून्य, काटा थंड. पुन्हा तोच खोटा धीर! आणि वायर घासून बॉडीला लागली तर? अडथळा शून्य, काटा थेट लालमध्ये. एवढ्या दोन ओळींत निम्मं निदान आहे.

कुंभार्ली घाटातला काटा

माझे मामा जुन्या ४०७ मधून चिपळूणकडून कराडकडे जांभा चिरा नेतात. मधे कुंभार्ली घाट. पोफळी सोडली की चढ सुरू, गाडी भरलेली, सेकंड गियर, वेग इतका कमी की रेडिएटरला वारा म्हणून मिळतो तो फक्त फॅनचा.

एका पावसाळ्यानंतर त्यांचा काटा नाचायला लागला. चढावर मध्यावर असायचा, खड्डा आला की झटकन लालमध्ये, पुढच्या खड्ड्याला परत मध्यावर. एका गॅरेजमध्ये सांगितलं, 'हेड गॅस्केट गेलंय, हेड खोलावं लागेल.' मामा घरी आले ते तोंड पाडूनच. दिवाळी जवळ आली होती, आणि हेडचं काम म्हणजे आठ-दहा दिवस धंदा बंद.

मी त्यांना एवढंच विचारलं, "मामा, काटा झटकन खाली आला तेव्हा पाणीही झटकन थंड झालं असेल का?"

ते म्हणाले, "अरे, इतकं पाणी एका सेकंदात थंड व्हायला काय जादू आहे?"

झालं, निदान त्यांनीच केलं! दहा-पंधरा लिटर पाणी आणि एवढं मोठं लोखंड तापायला आणि थंड व्हायला वेळ लागतो. काटा उडी मारत असेल तर उडी वायरमध्ये आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, मामांनी नुसती चावी फिरवली आणि वायरिंग हलवून पाहिलं. इंजिन चालूही नाही, तरी काटा लालमध्ये गेला. सेन्सरवरची वायर काढली, तरीही लालमध्येच. म्हणजे दोष सेन्सरमध्ये नाही, सेन्सर आणि मीटरच्या मधल्या वायरमध्ये. वायर जिथून केबिनमध्ये शिरते तिथली रबराची चकती गळून पडली होती आणि पत्र्याच्या कडेने वायर सोलली होती. नवीन रबर, थोडी स्लीव्ह, काम संपलं. हेड जिथे होतं तिथेच राहिलं.

तपासायचा क्रम

मामांच्या निमित्ताने मी हा क्रम लिहून काढला. एका सुट्या वायरचा सेन्सर असलेल्या जुन्या गाडीला तो लागू पडतो.

पहिलं, इंजिन खरंच तापलंय का ते मीटरला न विचारता बघा. थंड असताना पाण्याची पातळी, फॅन बेल्ट, होज पाइप. कोविडच्या काळात कपाळावर धरायची ती थर्मामीटर गन आठवते? गाडीसाठी जास्त तापमान मोजणारी तशीच गन मिळते. थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा वरच्या होजजवळ काळपट जागेवर धरा. चकचकीत धातूवर ती चुकीचा आकडा देते. आणि गरम रेडिएटरची टोपी कधीही उघडू नका. टोपीच्या दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. टोपी फिरवली की दाब जातो आणि ते एका क्षणात उकळून अंगावर येतं.

दुसरं, चावी चालू करून सेन्सरची वायर काढा. काटा थंडकडे पडायला हवा. नाही पडला, तर वायर कुठेतरी बॉडीला लागलीय किंवा मीटर अडकलाय.

तिसरं, तीच वायर इंजिनच्या स्वच्छ धातूला क्षणभर लावा. काटा लालकडे निघायला हवा. निघाला की लगेच काढा, नाहीतर मीटर जळेल. निघाला म्हणजे मीटर आणि वायर ठीक, सेन्सर संशयित. नाही निघाला, तर वायर तुटलीय, मीटरला सप्लाय नाही किंवा मीटर गेलाय. सेन्सर दोन वायरींचा असेल किंवा कॉम्प्युटरला जोडलेला असेल, तर हा प्रयोग करायचा नाही.

चौथं, सेन्सर काढून पातेल्यात. मल्टीमीटर लावा, पाणी तापवत न्या. ओहमचा आकडा सलग उतरत गेला पाहिजे. मधेच उडी मारली किंवा हललाच नाही, तर नवीन घ्या. नवीन घेताना तुमच्या मीटरला जुळणाराच घ्या. आटे बरोबर बसले म्हणजे सेन्सर बरोबर आहे असं होत नाही.

पाचवं, अर्थ. या सेन्सरचा करंट त्याच्या आट्यांमधून इंजिनमध्ये जातो. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे भरपूर वेढे दिले, किंवा इंजिन ते चेसिस जाणारी अर्थची पट्टी गंजली, तर अडथळा वाढतो आणि काटा खरं तापमान लपवून कमी दाखवतो. हेडलाइट लावल्यावर काटा हलत असेल, तर डॅशबोर्डचा अर्थ आधी बघा.

आणि काटा कायमच खाली राहत असेल, तर विचारा, थर्मोस्टॅट आहे का? आपल्याकडे तो काढून टाकायची पद्धत आहे. त्याने काटा खाली राहतो खरा, पण इंजिन पुरेसं तापतच नाही, डिझेल जास्त जातं, झीज वाढते.

सगळ्यात धोकादायक थंडी

आता ती मोटोमीटरची गोष्ट आठवा. मीटर फक्त आपल्या टोकाला जे लागतं त्याचंच तापमान सांगतो. समजा घाटात खालचा होज फाटला आणि सगळं पाणी वाहून गेलं. सेन्सर कोरडा पडला. त्याच्याभोवती आता पाणी नाही, फक्त हवा आणि थोडी वाफ. पाण्यासारखी उष्णता ती सेन्सरपर्यंत पोचवत नाही. बऱ्याचदा काटा थोडा वर जातो आणि मग खाली यायला लागतो.

मामांच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरचं असंच झालं. काटा लालच्या जवळ गेला होता, तो खाली आला. त्याला वाटलं, बरं झालं, गाडी निवली. तो चढत राहिला. दोन वळणांनंतर इंजिन सीज. त्याच्या घरात कमावणारी ती एकच गाडी होती.

म्हणून हे पाठ करा: भरलेल्या गाडीचा काटा चढावर कारण नसताना खाली आला, तर ती आनंदाची बातमी समजू नका. गाडी सुरक्षित जागी थांबवा, इंजिन बंद करा, खाली वाकून बघा.

शंका घेणारा कॉम्प्युटर

इंजिनवर कॉम्प्युटर आला आणि या सवयीवर इलाज निघाला. कॉम्प्युटरच्या सेन्सरची वायर तुटली, तर त्याला तापमान उणे चाळीसच्या आसपास दिसतं. पण त्याला शिकवलेलं असतं की चालत्या इंजिनचं पाणी इतकं थंड असूच शकत नाही. तो काट्यावर विश्वास ठेवत नाही, बिघाडाचा कोड नोंदवतो, दिवा लावतो, आणि अनेक गाड्यांमध्ये सावधगिरी म्हणून फॅन चालूच ठेवतो. गाड्यांच्या स्कॅनरवर दिसणारा पी०११८ हा कोड म्हणजे तेच: सर्किट उघडं दिसतंय.

गंमत म्हणजे अशा बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो. पाण्याचं तापमान बऱ्याच मोठ्या पट्ट्यात वरखाली झालं तरी तो मध्यावरच बसतो, म्हणजे गिऱ्हाईक उगाच घाबरून शोरूमला येत नाही. खरा आकडा कॉम्प्युटरला माहीत, ड्रायव्हरला नाही.

जुन्या ट्रकमध्ये असा संशयी कॉम्प्युटर नाही. तिथे ते काम माणसाने करायचं. पाणी गेलं का, वास येतोय का, गाडीची ओढ कमी झाली का, आणि काटा जे म्हणतोय ते पाण्याच्या स्वभावाला धरून आहे का, हे विचारत राहायचं. मामा आता गाडी काढण्याआधी नुसती चावी फिरवून काटा थंडवर आहे ना, ते बघतात. दोन सेकंदांचं काम.

तुमच्या घरी ट्रक, टेंपो किंवा जुना ट्रॅक्टर असेल, तर त्यात नळीचा मीटर आहे की वायरचा, ते बघून मला व्हॉइस नोट पाठवा. आणि हा भाग घाट चढणाऱ्या एखाद्या माणसाला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, गाडी सावकाश चालवा.